फ्रिजमागचा ट्रे

डासबाई हे नाव शाळेतल्या पोरांनी दिलं आणि शिपायापासून संचालकांपर्यंत कीटकसंशोधन संस्थेतल्या सगळ्यांच्या तोंडी बसलं. खरं तर बाईने पीएच.डी. केली होती, एकोणतीस वर्षं ती डासांच्या अळ्या मोजत होती, आणि तिच्या नावाआधी डॉक्टर लावल्याने कुणाची जीभ झिजली नसती. पण पांढरा इनॅमलचा ट्रे आणि ड्रॉपर पिशवीत घालून शाळाशाळांतून फिरणाऱ्या बाईला डॉक्टर कोण म्हणतो? तीही त्या नावाला ओ द्यायला लागली होती.

"तू छान बोलतेस" एवढ्या कौतुकाने तिचा घात केला. संस्थेत शाळेची सहल आली, महिला मंडळाचं बोलावणं आलं, एखादा वार्ताहर दारात उभा राहिला, की एकच उत्तर ठरलेलं असे: डासबाईंना सांगा, त्या छान बोलतात. बाकीच्यांना वेळ नसे. त्यांना शोधनिबंध लिहायचे असत. तिलाही लिहायचे होते, पण तिचा नकार कुणाला ऐकू येत नसे. आणि खरं सांगायचं तर तिला ते काम आवडायचं. अळी पाण्यात डोकं खाली करून लटकते आणि शेपटाकडच्या नळीने श्वास घेते हे ऐकताना चाळीस पोरांची तोंडं एकदम उघडी पडत, त्यात तिला जे मिळे ते शोधनिबंधात कधी मिळालं नव्हतं. चौदा वर्षांत चारशेच्या वर व्याख्यानं झाली. तेवढ्या काळात तिच्याच हाताखाली ड्रॉपर धरायला शिकलेला ज्युनिअर कानामागून आला आणि तिखट झाला. त्याचे एकतीस निबंध छापून आले, कारण त्याच्या वाटणीच्या शाळासुद्धा तीच करत होती.

आता विभागप्रमुखाची जागा निघाली. बाईचं वय चौपन्न आणि अर्जाची मर्यादा पंचावन्न, म्हणजे या खेपेला नाही तर कधीच नाही. अर्जदार दोघेच, ती आणि ज्युनिअर. अर्जात एक रकाना होता: 'आपले स्वतःचे मूळ योगदान'. त्यात तिने लिहिलं, 'फ्रिजमागच्या ट्रेमध्ये डासांची पैदास होते हे प्रथम दाखवून दिले.' ते अक्षरशः खरं होतं. पण ते खरं आहे हे जगात तिच्याखेरीज फार कुणाला माहीत नव्हतं, आणि त्याला जबाबदारही तीच होती.

झालं होतं असं. चौदा वर्षांपूर्वी त्या भागात तापाची साथ आली. संस्थेची माणसं डबकी, जुने टायर, गच्चीवरच्या टाक्या पालथ्या घालत होती आणि साथ काही हटत नव्हती. त्यातच बाईच्या सासूबाई आडव्या झाल्या. अंग तापलं होतं, पण जीभ शाबूत होती. पडल्यापडल्या म्हणायच्या, "जगाचे डास मोजतेस, घरचे मोजायचे राहिले का गं?" लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच, असं येणाऱ्याजाणाऱ्यालाही ऐकवायच्या.

बाईने घर उलटंपालटं केलं. बादल्या, फुलदाण्या, कुंड्यांखालच्या बश्या, काही सोडलं नाही. कुठे एक अळी सापडेना. चौथ्या दिवशी राहिला होता फक्त फ्रिज. तो तिने एकटीने ओढला, मागे उकिडवी बसली आणि टॉर्च मारला. कॉम्प्रेसरच्या वर एक उथळ ट्रे असतो, वितळलेल्या बर्फाचं पाणी त्यात उतरतं. ते पाणी कोमट असतं, अंधारात असतं आणि त्याला वर्षानुवर्षं कुणी हलवत नाही. त्यात अळ्या वळवळत होत्या. तिने तिथेच बसून ड्रॉपरने एकेक उचलली. एक्केचाळीस भरल्या.

"काय गं सापडलं?" आतल्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही. चमचा पडला होता मागे."

अळ्या तिने बरणीत भरून संस्थेत नेल्या, वर पातळ कापड बांधलं, आणि चार दिवसांनी पायावर पांढरे पट्टे असलेले, नेमके तापाचेच डास बाहेर पडले तेव्हा तिला आनंदाने रडू आलं. तेव्हाचे विभागप्रमुख म्हणजे सर. त्यांना तिने "एका घरात सापडल्या" इतकंच सांगितलं. पुढे तिने दोनशे बारा घरांतले फ्रिज ओढले आणि एकसष्ट ठिकाणी अळ्या दाखवल्या. निबंध छापला गेला. ज्याची प्रयोगशाळा त्याचं नाव आधी, या रिवाजाने सरांचं नाव पहिलं लागलं, मग आकडेमोड करणाऱ्याचं, मग तिचं. यावर त्या काळी कुणी भांडत नसे.

इथवर तिची काही चूक नव्हती. चूक झाली ती पुढे, एका महिला मंडळाच्या सभागृहात. ती हा शोध समजावून सांगायला उभी राहिली. पहिल्या रांगेत कडक इस्त्रीच्या कपड्यांतल्या बायका बसल्या होत्या. बाईने तोंड उघडलं, "हे आम्हाला पहिल्यांदा सापडलं ते..." आणि तिची जीभ अडली. माझ्या घरी असं म्हटलं तर या बायका काय म्हणतील ते तिला त्यांच्या चेहऱ्यांवर आधीच दिसलं. शिकलीसवरलेली, डासांची डॉक्टर, आणि हिच्या फ्रिजमागे अळ्या. तिने वाक्य पुरं केलं, "...ते आमच्या सरांच्या घरी."

आणि मग गोष्ट रंगली. सर सुट्टीच्या दिवशी बसले होते, कानाशी डास गुणगुणला, सर म्हणाले हा आला कुठून, सरांनी टॉर्च घेतला, फ्रिज ओढला, गुडघे कडकड वाजले. बायका हसल्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या. पुरुषाच्या फ्रिजमागे अळ्या सापडल्या की तो शास्त्रज्ञ ठरतो आणि बाईच्या फ्रिजमागे सापडल्या की ती गबाळी, हे तिला त्या दिवशी लख्ख कळलं. कळूनही तिने ते चालवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सर तिच्या टेबलापाशी आले. ती घाबरली होती.

"अगं, माझ्या घरी कधी सापडल्या?" ते हसत होते.

"सर, गोष्टीला एक माणूस लागतो. लोकांच्या लक्षात राहतं."

"बरं, असू दे. लोकांपर्यंत पोचल्याशी मतलब."

पोचलं ते मात्र खरंच पोचलं. लोक दर शनिवारी ट्रे ओतायला लागले, पुढच्या वर्षी ताप निम्म्यावर आला. गोष्ट पाचवीच्या पुस्तकात धडा म्हणून गेली, शेजारी टॉर्च घेतलेल्या सरांचं चित्र. दोन वर्षांत सर स्वतःच ती गोष्ट सांगू लागले. पाचव्या वर्षी त्यात त्यांनी स्वतःची भर घातली, की त्या दिवशी त्यांनी निळा सदरा घातला होता. आयत्या बिळावर नागोबा म्हणावं तर तेही पुरतं खरं नाही, कारण बीळ तिने स्वतः खणून, झाडून, सारवून त्यांना दिलं होतं.

मुलाखत बुधवारी झाली. समितीत तीन पुरुष आणि बाहेरून आलेल्या एक बाई, आखूड पांढरे केस, हातात पेन्सिल. प्रश्न त्यांनीच विचारला.

"मूळ योगदान म्हणून तुम्ही फ्रिजचा शोध लिहिला आहे. माझी भाची पाचवीत आहे. तिच्या पुस्तकात तो सरांनी लावलाय. आणि धड्याखाली लिहिलंय, तुमच्या व्याख्यानावरून."

"ती गोष्ट होती, मॅडम. मुलांना कळावं म्हणून रचलेली."

"म्हणजे दोन्हींपैकी एक खोटं आहे. अर्ज तरी, नाहीतर व्याख्यान तरी."

"व्याख्यान."

"चारशे वेळा?"

पांढऱ्या केसांच्या बाईंनी पेन्सिल खाली ठेवली आणि जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "काही पुरावा असेल तर सोमवारपर्यंत आणून द्या. तोवर आम्ही थांबतो."

पुरावा कुठून आणणार? तिच्या त्या वेळच्या नोंदवह्या जुन्या इमारतीत होत्या आणि त्या वाळवीने खाल्ल्या. कीटकांच्या संस्थेतल्या वह्या वाळवीने खाव्यात, यावर तिलाही एरवी हसू आलं असतं. सासूबाई वारल्या होत्या आणि त्यांनाही चमचाच माहीत होता. नवऱ्याला तिने पुढे सगळं सांगितलं होतं, पण तो म्हणाला तेच बरोबर होतं: "मी साक्ष द्यायला तयार आहे गं. पण नवऱ्याची साक्ष कोण धरतो?"

तिने सरांना फोन केला. सर निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, संस्थेत मान अजून तसाच.

"सर, तो फ्रिज तुमचा नव्हता. तुम्हाला आठवतंय ना?"

"अगं, असं काय करतेस? मी स्वतः वाकलो होतो. गुडघे कसे वाजले ते मला अजून आठवतंय."

ते खोटं बोलत नव्हते, हीच तर पंचाईत होती. खोटं बोलणाऱ्याशी निदान भांडता येतं. तिला फोन आपटावासा वाटला, पण ते गुडघे तिनेच वाजवले होते.

आता उरल्या वहिनी, सरांची बायको. शनिवारी सर बाहेर गेल्याचं बघून बाई त्यांच्या घरी गेली. वहिनींनी दार उघडलं, पाणी आणून दिलं, समोर बसल्या. बाईने सगळं सांगितलं, मुलाखत, प्रश्न, सोमवारची मुदत. शेवटी म्हणाली, "वहिनी, तुमच्या घरी असं काही झालंच नाही हे तुम्ही दोन ओळींत लिहून दिलंत तर..."

"मी दर आठवड्याला फ्रिज ओढायचे," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या शोधाच्या आधीपासून. आमच्या आईने लावलेली सवय."

"मला वाटलंच होतं."

"नाही, तुम्हाला नव्हतं वाटलं. वाटलं असतं तर माझं घर घेतलं नसतंत." त्यांचा आवाज चढला नव्हता. "चौदा वर्षं झाली. कुणाच्या घरी जेवायला गेलं की पहिला विनोद माझ्या फ्रिजवर. खालच्या मजल्यावरची बाई माझ्याकडचं पाणी प्यायची नाही सुरुवातीला. माझी नात शाळेतून आली आणि म्हणाली, आजी, तू साफ करायची नाहीस म्हणून आजोबांना शोध लागला, पुस्तकात आलंय. मी यांना म्हटलं, खरं काय ते सांगा की लोकांना. तर म्हणाले, समाजाच्या भल्यासाठी एवढं सोस."

बाईची मान खाली गेली. इतक्या वर्षांत सरांना काय मिळालं याचा हिशेब तिने हजारदा केला होता. वहिनींचं काय गेलं हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"तुम्हाला घाण ठेवायला एक घर हवं होतं," वहिनी म्हणाल्या. "स्वतःचं नको होतं. माझं मिळालं. आता पद पाहिजे म्हणून ती घाण परत न्यायला आलात."

"चुकलं माझं, वहिनी."

"हो, चुकलं." त्या उठल्या, रिकामा पेला उचलला. "लिहून देते मी. पण आधी उद्या तुमचा तो खुला दिवस आहे ना, तिथे सगळ्यांसमोर सांगा. जिथे माझं घर घाण केलंत तिथेच ते धुवा. मग सोमवारी सकाळी येऊन कागद घेऊन जा."

रविवारी सभागृह भरून गेलं. वर्षातून एकदा संस्था लोकांसाठी दारं उघडते आणि त्या दिवशी डासबाईचं व्याख्यान म्हणजे मुख्य आकर्षण. पहिल्या रांगेत सर, पाहुणे म्हणून. तिसऱ्या रांगेत वहिनी. पांढऱ्या केसांच्या बाईही कोपऱ्यात येऊन बसल्या होत्या. तिला आठवेना की याआधी ती कधी मंचावर घाबरली होती.

"आज फ्रिजची गोष्ट जरा वेगळी सांगणार आहे," ती म्हणाली. "तो फ्रिज सरांचा नव्हता. माझा होता. अळ्या माझ्या घरी सापडल्या, मी काढल्या, मी मोजल्या. माझ्याच घरी सापडल्या याची मला लाज वाटली, म्हणून मी सरांचं नाव सांगितलं. सरांच्या घरी कधीच अळ्या नव्हत्या."

पुढच्या एका मुलीने विचारलं, "पण पुस्तकात तर सर आहेत."

"पुस्तकात चुकलंय, बाळा. मी चुकीचं सांगितलं म्हणून."

कुजबुज सुरू झाली. एवढ्यात सर उठले, मंचावर आले आणि तिच्या हातातला माइक प्रेमाने काढून घेतला. त्यांचे डोळे पाणावले होते.

"बघितलंत?" ते म्हणाले. "आमच्या घरातल्यांना त्या फ्रिजवरून लोक चिडवतात. ते हिच्या मनाला लागलं, म्हणून हिने आज सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. आपल्या गुरूच्या घराची लाज राखायला. असं मन आजकाल बघायला मिळत नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. "नाही सर, खरंच माझ्या घरी," ती म्हणत होती, पण माइक त्यांच्याकडे होता आणि तिचे हलणारे ओठ बघून लोक आणखी जोरात टाळ्या वाजवत होते. एक म्हातारा तर उभा राहिला.

तेव्हा तिसऱ्या रांगेत वहिनी उठल्या. "यांनी आयुष्यात फ्रिज हलवलेला नाही," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "ट्रे कुठे असतो ते विचारा यांना. पुढे असतो की मागे, एवढं जरी सांगितलं तरी पुष्कळ."

सभागृह हसून लोटपोट झालं. सगळ्यात जोरात सर हसले. "घरोघरी हेच," त्यांनी हात जोडून माइकवर सांगितलं, आणि हशा पुन्हा उसळला. वहिनी हसणं थांबेपर्यंत उभ्या राहिल्या, मग खाली बसल्या. दोन बायकांनी एकाच खोलीत एकच खरं सांगितलं. एकीचं मोठं मन ठरलं, दुसरीचा विनोद. मग संचालकांनी आभार मानले आणि सगळे चहाला गेले.

सोमवारी सकाळी वहिनींनी कागद दिला. चार ओळी, सरळ अक्षर, खाली सही. देताना त्या फक्त म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही." बाईने कागद समितीकडे पोचवला.

गुरुवारी यादी लागली. ज्युनिअर. तो तिच्या खोलीत येऊन वाकून नमस्कार करून गेला, "तुमच्याचमुळे, मॅडम," म्हणाला, आणि त्याला आपण किती खरं बोलतोय याची कल्पना नव्हती. दुपारी पांढऱ्या केसांच्या बाईंचा फोन आला.

"मला तुमचं म्हणणं पटलं होतं. माझं एक मत तुम्हाला दिलं. बाकीच्या तिघांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, नवराबायकोच्या भांडणात संस्थेने कशाला पडायचं."

"आणि रविवारी मी सांगितलं ते?"

"त्याचं फार कौतुक झालं. तुमच्या मोठेपणाची नोंद केलीय अहवालात." मग त्या म्हणाल्या, "तुम्ही फार छान समजावून सांगता हो. तोच घोळ झालाय. चारशे वेळा समजावलेलं एका रविवारी कुणाच्या डोक्यातून निघत नाही."

बाईने फोन ठेवला. तिला सरांचा राग आला, समितीचा आला, त्या टाळ्यांचा तर भयंकर आला, पण प्रत्येक राग फिरून तिच्यापाशीच येऊन बसत होता. ती टेबलाशी बसून राहिली. खिडकीशी बरण्यांत तिच्या अळ्या होत्या, त्यांना खायला घालायची वेळ झाली होती, म्हणून ती उठली आणि एकेका बरणीचं कापड सोडून चिमटी चिमटी खाणं टाकू लागली.

तिसऱ्या बरणीला फोन वाजला. एका शाळेतल्या बाई होत्या, उत्साहाने बोलत होत्या. पुढच्या आठवड्यात विज्ञान दिन आहे, तीनशे मुलं आहेत, मुलांनी सगळ्यांनी मिळून एकच मागणी केलीय, त्यांना ती फ्रिजची गोष्ट ऐकायचीय.

"त्या गोष्टीसाठी सरांना बोलवा," डासबाई म्हणाली. "त्यांना ती माझ्यापेक्षा चांगली आठवते."